एमएच-०४ (ठाणे) आणि एमएच-४३ (नवी मुंबई) च्या जुन्या गाड्यांसाठी ब्लूटूथ स्कॅनर कितपत कामाचा?

दहा-पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी आहे, चेक इंजिनचा पिवळा दिवा अधूनमधून लागतो आणि दर वेळी गॅरेजमधून एखादा सेन्सर बदलून गाडी घरी येते, तरी महिन्याभरात दिवा परत हजर. अशी परिस्थिती असेल तर ईएलएम३२७ जातीची ब्लूटूथ डबी, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून इंजिनची माहिती फोनवर दाखवणारा स्कॅनर, घ्यावी. किंमत साधारण हजाराच्या आत-बाहेर, फोनवर टॉर्क प्रो किंवा कार स्कॅनर यांपैकी एक अ‍ॅप, एवढ्यावर काम सुरू होते. पण फक्त बिघाडाचे कोड वाचायला म्हणून घेणार असाल तर तिचा निम्माही उपयोग होणार नाही. तिची खरी किंमत लाइव्ह डेटामध्ये, म्हणजे सेन्सरांच्या त्या क्षणीच्या आकड्यांमध्ये, आहे, आणि पुढचे बहुतेक लिखाण त्याबद्दलच आहे.

घेण्याआधी गाडीचे वर्ष बघा. भारतात बीएस-४ सोबत १ एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ (गाडीने स्वतःचा बिघाड ओळखून नोंदवण्याची व्यवस्था) आणि १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ बंधनकारक झाले. २०१३ नंतरच्या गाडीत ही डबी सहसा विनातक्रार चालते. २०१० ते २०१३ मधल्या गाड्यांत कोड आणि मुख्य आकडे मिळतात, पण काहींमध्ये कॅटच्या (एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचा दुसरा ऑक्सिजन सेन्सर नसतोच, त्यामुळे तो आकडा अ‍ॅपमध्ये रिकामा दिसला तर बिघाड समजू नका. २०१० च्या आधीच्या गाडीत स्टीअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असले तरी आत कंपनीची स्वतःची भाषा असू शकते. अशा गाडीसाठी आधी कोणाची तरी डबी लावून बघा, मगच पैसे घाला.

सॉकेट ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या वर, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला असते. काही गाड्यांत फ्यूजच्या झाकणामागे. डबीचा दिवाच लागत नसेल तर आधी फ्यूज तपासा. सोळाव्या पिनवर बॅटरीचा करंट आणि चौथ्यावर अर्थिंग लागते, आणि हा फ्यूज पुष्कळ गाड्यांत सिगारेट लायटर किंवा टेपसोबत जोडलेला असतो. मोबाइल चार्जरच्या नादात तो उडालेला असतो आणि दोष स्कॅनरला दिला जातो.

आता डबीच्या गुणवत्तेबद्दल. मूळ ईएलएम३२७ चिप कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. बाजारात मिळतात त्या जवळपास सगळ्या नकला आहेत. डबीवर १.५ लिहिलेले असते, पण त्या क्रमांकाची मूळ चिप कधी निघालीच नव्हती. तरीही अनुभवाने १.५ च्या नकला बऱ्या, २.१ लिहिलेल्या अगदी छोट्या डब्यांत बऱ्याच आज्ञा गाळलेल्या असतात. जुन्या गाडीवाल्यांना हे जास्त बोचते, कारण नवीन गाड्या सहाव्या आणि चौदाव्या पिनवरच्या कॅन या जलद डेटा लाइनवर बोलतात, तर जुन्या अनेक गाड्या सातव्या पिनच्या के-लाइनवर, म्हणजे आयएसओ ९१४१ किंवा केडब्ल्यूपीवर. स्वस्त २.१ डबी शेजारच्या नव्या गाडीला लगेच जोडली जाते आणि तुमच्या गाडीला ‘ईसीयू (इंजिनचा संगणक) सापडला नाही’ म्हणते ते यामुळे. विकणाऱ्याकडून परत घेण्याची हमी असेल तरच घ्या, आणि आल्याच्या दिवशी आपल्याच गाडीवर तपासा. आयफोन असेल तर साधी ब्लूटूथ डबी चालणार नाही. बीएलई (कमी ऊर्जेचे ब्लूटूथ) किंवा वायफायवाली मागा.

के-लाइन संथ असते. सेकंदाला मोजकेच आकडे येतात, म्हणून अ‍ॅपमध्ये एकाच वेळी बारा मीटर मांडून ठेवू नका. चार पुरे: आरपीएम, शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ट्रिमचा अर्थ पुढे येतो) आणि पुढचा ऑक्सिजन सेन्सर. बाकीचे गरजेनुसार बदलत राहा.

कोड उडवण्याआधी

डबी लावल्यावर पहिला मोह ‘क्लिअर’ बटणाचा होतो. ते दाबू नका. आधी कोडचा आणि फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या. दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती गरम होते, आरपीएम किती, वेग किती, लोड किती, ट्रिम किती, हे सगळे फ्रीझ फ्रेममध्ये गोठून राहते आणि क्लिअर केले की कायमचे जाते. तापमान २८ अंश आणि वेग शून्य असेल तर बिघाड सकाळच्या स्टार्टिंगचा. तापमान ९५ आणि लोड ८० टक्के असेल तर तो गायमुखच्या चढावरचा. या दोन बिघाडांचा शोध पूर्ण वेगळ्या दिशेने घ्यायचा असतो. गॅरेजमध्ये स्कॅन करून घेत असाल तरी फ्रीझ फ्रेमचा फोटो मागून घ्या. तुमच्या गाडीचीच माहिती आहे ती.

पी०१३५ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर, पी०१०७ आला म्हणून मॅप (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) सेन्सर, असा थेट भाग बदलण्याचा प्रकार सर्वांत महागात पडतो. पी०१०७ चा अर्थ एवढाच की मॅप सेन्सरच्या सिग्नलचा व्होल्टेज फार कमी दिसला. सेन्सर खराब असू शकतो. तार तुटलेली, कपलरमध्ये (तारांच्या जोडात) पाणी गेलेले किंवा पाच व्होल्टचा पुरवठा बसलेला, हेही तितकेच शक्य असते. मॅप, थ्रॉटल आणि एसी प्रेशर सेन्सर अशा दोन-तीन सेन्सरांचे कोड एकदम आले तर सेन्सरला हातही लावू नका. हे सगळे पुष्कळदा एकाच पाच व्होल्टच्या लाइनवर असतात. त्यातला एक शॉर्ट झाला की सगळे आंधळे होतात. चावी ऑन ठेवून एकेक कपलर काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर बाकीचे आकडे जागेवर येतात, तो गुन्हेगार.

इंजिन सुरू न करता सकाळी पाच मिनिटे

ही तपासणी फुकट आहे. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. चावी ऑन, इंजिन बंद.

कूलंटचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान, दोन्ही बाहेरच्या हवेएवढे, एकमेकांच्या दोन-तीन अंशांत हवे. पावसाळ्यातल्या सकाळी ठाण्यात साधारण २६-२७ दिसायला हवेत. एक २७ आणि दुसरा ४१ दाखवत असेल तर ४१ वाला खोटे बोलतो आहे. उणे ४० दिसले तर सेन्सरचे सर्किट उघडे आहे: कपलर निघालेला, तार तुटलेली किंवा सेन्सर आतून गेलेला. कपलर काढून त्याच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा. आकडा उणे ४० वरून १२०-१४० कडे उडाला तर वायरिंग आणि ईसीयू ठणठणीत आहेत, सेन्सर बदला. हलला नाही तर सेन्सर बदलून काही होणार नाही, तार शोधा. मात्र ही पद्धत दोन तारांच्या तापमान सेन्सरलाच. तीन तारांच्या कुठल्याही सेन्सरवर अशी वायर टाकू नका.

मॅप सेन्सरचा आकडा इंजिन बंद असताना बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा असतो. आपण समुद्रसपाटीला राहतो याचा इथे फायदा होतो: ठाणे, वाशी, पनवेल कुठेही ९९ ते १०१ किलोपास्कल दिसले पाहिजे. ९० दिसत असेल तर सेन्सर किंवा त्याचे अर्थिंग बिघडले आहे. इंजिन गरम होऊन आयडलिंगवर, एसी बंद असताना, हाच आकडा साधारण २८ ते ४० च्या मधे यावा.

मग अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू पूर्ण दाबा आणि सोडा. थ्रॉटलचा आकडा पायरी न खाता चढला-उतरला पाहिजे. मधेच उडी मारत असेल, तर सिग्नलवरून गाडी उचलताना जो झटका बसतो त्याचे कारण तेच.

शेवटी स्टार्टर मारताना बॅटरीचा व्होल्टेज बघा. ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी किंवा अर्थिंगची पट्टी आधी बघा, कारण कमी व्होल्टेजवर ईसीयू वाटेल ते कोड नोंदवतो. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ हवेत. इथेच एक साधा मल्टीमीटर कामाला येतो. बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यात मीटर लावून स्टार्टर मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग कुजली आहे. खाडीकाठच्या दमट हवेत ही पट्टी आतून हिरवी पडते आणि वरून काळ्या आवरणात छान दिसत राहते. ऐरोली, कोपरखैरणे, कळवा या बाजूला उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तर हे सर्वांत आधी तपासावे.

ट्रिम वाचता आली की पैसे वसूल

फ्युएल ट्रिम म्हणजे ईसीयूने स्वतःहून पेट्रोलमध्ये केलेली वाढ-घट. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म यांची बेरीज करायची. इंजिन पूर्ण गरम असताना बेरीज उणे ५ ते अधिक ५ मधे असेल तर उत्तम, १० पर्यंत चालते. अधिक २० च्या पुढे गेली की पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ. उणे २० च्या खाली पी०१७२, म्हणजे घट्ट. दिवा लागण्याच्या कितीतरी आठवडे आधी हा आकडा सरकायला लागलेला दिसतो.

पी०१७१ आला की ‘व्हॅक्यूम लीक’ हे उत्तर ठरलेले असते. इथे थांबून गाडीत कोणता सेन्सर आहे ते बघा. हवा मोजणारा मॅफ असेल तर हे उत्तर बरोबर असू शकते, कारण मॅफच्या पुढे शिरलेली हवा मोजलीच जात नाही. खूण अशी: आयडलिंगला अधिक २०-२५ आणि २५०० आरपीएमवर रेस धरली की अधिक ५. इनटेकचे गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीचा (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये नेणारा) पाइप या क्रमाने शोधा. पण आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅफ नसतो, मॅप असतो. त्यात लीकमधून आलेली हवाही दाबाच्या रूपाने मोजली जाते. म्हणून ट्रिम फारशी हलत नाही, आयडलिंग मात्र हजार-बाराशेवर चढून बसते. मॅपवाल्या गाडीत आयडलिंग नीट आहे आणि तरीही पी०१७१ येतो, तर इनटेक खोलण्याचे पैसे देऊ नका. पेट्रोलचा दाब, जाम झालेले इंजेक्टर, आणि ऑक्सिजन सेन्सरच्या आधी फुटलेला एक्झॉस्ट, हे तीन बघा. फुटलेल्या एक्झॉस्टमधून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला वाटते मिश्रण पातळ आहे. थंड इंजिन सुरू केल्यावर टकटक आवाज येऊन गरम झाल्यावर थांबत असेल तर मॅनिफोल्डची चीर पक्की धरा.

पेट्रोलचा पंप थकला असेल तर ट्रिम आयडलिंगला ठीक आणि लोडवर वाढते. यासाठी चढ लागतो. ठाणेकरांना गायमुखचा आहे, नवी मुंबईवाल्यांना बेलापूरच्या पारसिक हिलचा. सपाट रस्त्यावरचे स्थिर आकडे घ्यायला पाम बीच रोड सकाळी लवकर. फोनकडे बघत गाडी चालवू नका. अ‍ॅपमध्ये रेकॉर्डिंग लावून फोन खिशात टाका आणि आलेख घरी येऊन बघा.

ऑक्सिजन सेन्सर हा सर्वांत जास्त वेळा विनाकारण बदलला जाणारा भाग असावा. पुढचा सेन्सर गरम इंजिनवर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा खाली-वर नाचला पाहिजे. झटक्यात रेस द्या, ०.८ च्या वर जायला हवा, सोडा, ०.१ च्या आसपास यायला हवा. दोन्हीकडे चटकन जात असेल तर सेन्सर जिवंत आहे आणि तो जे सांगतो ते खरे आहे. पी०१३५ हा हीटरचा कोड आहे: आधी फ्यूज, मग सेन्सरकडच्या एकाच रंगाच्या दोन तारांमधला रेझिस्टन्स. थंड असताना काही ओहम दिसले पाहिजेत. मीटर काहीच दाखवत नसेल तरच नवा सेन्सर आणा. उंदरांनी कुरतडलेली तार हेही नेहमीचे कारण, विशेषतः आठवडाभर न हललेल्या गाड्यांत.

सीएनजी असेल तर

आपल्या पट्ट्यात जुन्या पेट्रोल गाड्यांना बाहेरून बसवलेले सीएनजी किट खूप आहे, आणि अ‍ॅपचा ‘संभाव्य कारण’ हा विभाग किटचा विचारच करत नाही. सिक्वेन्शियल किटमध्ये गॅसचे ट्यूनिंग पातळ ठेवले असेल तर पेट्रोलचा ईसीयू लाँग टर्म ट्रिम अधिक १५ वगैरे शिकतो. मग पेट्रोलवर स्विच केले की तीच वाढ पेट्रोलवर लागते: काळा धूर, वास, अ‍ॅव्हरेज खलास. इथे एकही सेन्सर खराब नसतो. वीस मिनिटे पेट्रोलवर, मग वीस मिनिटे गॅसवर गाडी चालवून दोन्ही ट्रिम लिहून काढा. फरक पाचच्या आत हवा. जास्त असेल तर हे आकडे घेऊन किटवाल्याकडे जा आणि लॅपटॉप लावून मॅपिंग करून मागा. गॅसचा फिल्टरही त्याच वेळी बदला. जुने मिक्सरवाले किट असेल तर गॅसवर ऑक्सिजन सेन्सरचा आकडा वाचूच नका. तिथे एम्युलेटर ईसीयूला बनावट सिग्नल देत असतो.

मिसिंगचे पी०३०० ते पी०३०४ गॅसवरच येत असतील तर प्लग बघा. गॅसला ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवावा. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर तपासणी पंधरा मिनिटांची आहे: पी०३०२ असेल तर दुसरी कॉइल तिसऱ्या सिलिंडरला लावा, कोड उडवा, गाडी फिरवा. पी०३०३ आला तर कॉइल खराब. पी०३०२ च राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन.

थर्मोस्टॅट, क्रँक सेन्सर आणि पावसाळा

पी०१२८ आला आणि कूलंट अर्ध्या तासानंतरही ६५-७० वरच घुटमळतो, तर थर्मोस्टॅट अडकलेला आहे किंवा कोणीतरी काढूनच टाकला आहे. ‘आपल्या हवेत गरज नाही’ असे सांगून तो काढण्याची पद्धत आजही आहे आणि ती चुकीची आहे. इंजिन थंड राहिले की ईसीयू जास्त पेट्रोल देत राहतो. नवा बसवा, ८५ ते ९५ मधे आकडा स्थिरावला की अ‍ॅव्हरेज परत येते.

गरम झाल्यावर गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, हा घोडबंदर रोडच्या कोंडीतला ओळखीचा प्रकार. कोड नसला तरी डबी इथे मदत करते. बंद पडलेल्या अवस्थेत स्टार्टर मारताना आरपीएम बघा. १५०-२५० दिसले तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरते आहे हे ईसीयूला सांगणारा) काम करतो आहे, पंप आणि रिले बघा. स्टार्टर फिरतो आहे पण आरपीएम शून्य, तर क्रँक सेन्सर किंवा त्याचा कपलर.

साचलेल्या पाण्यातून गाडी गेल्यावर दोन-चार दिवसांनी येणारे कोड बहुतेक कपलरचे असतात. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, कपलर उघडा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, हिरवट थर निघाला की वाळू द्या आणि डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवून बंद करा. मॅफवर मात्र फक्त मॅफ क्लीनर. कार्ब क्लीनरने त्याची बारीक तार जाते.

डिझेलवाल्यांना ही डबी कमी देते. ट्रिमचे गणित तिथे नाही. रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब), मॅफ आणि टर्बोचा बूस्ट एवढेच उपयोगाचे. आयडलिंगला रेल प्रेशर २५०-३०० बारच्या आसपास स्थिर असेल आणि चढावर पी००८७ (रेल प्रेशर फार कमी) येत असेल तर पहिला खर्च डिझेल फिल्टरवर करा.

एबीएस, एअरबॅग, इमोबिलायझर, चावी प्रोग्रामिंग यांतले काहीही या डबीतून सहसा होत नाही. त्यासाठी कंपनीचा किंवा लाँच, ऑटेल यांच्यासारखा मोठा स्कॅनर असलेले गॅरेज गाठावे लागते. पीयूसीचा कागद मात्र फुकटची जोड तपासणी आहे, तो वाचत जा. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगची मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम. पहिला आकडा वर असेल तर मिश्रण घट्ट आहे आणि ट्रिमने तेच सांगायला हवे. पहिला कमी आणि दुसरा वर, तर कुठेतरी मिसिंग आहे.

काम झाले की डबी काढून ठेवा. सोळाव्या पिनला करंट चावी बंद असतानाही असतो आणि डबी साधारण ४५ मिलीअ‍ॅम्पिअर ओढत राहते, म्हणजे दिवसाला एक अ‍ॅम्पिअर-तासाहून थोडे अधिक. गणपतीला गावी जाऊन पंधरा दिवसांनी परत येईपर्यंत छोट्या गाडीच्या ३५ अ‍ॅम्पिअर-तासांच्या बॅटरीतले सोळा गेलेले असतात. शिवाय पेअरिंगचा पिन जवळपास सगळ्या डब्यांचा १२३४ किंवा ०००० असतो, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो कोणालाही माहीत असतो.